मुखत्यार बदलण्याचा अधिकार

जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे निमित्त होऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या संगणकसेवा थांबविल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. नायरात रशियन भांडवल आहे, हे खरे. पण निर्बंध युरोपचे, सेवा अमेरिकेची आणि कुलूप मात्र भारतातील कार्यालयाला!

तेव्हा प्रश्न ईमेलसारख्या सेवांचा होता. आता कामकाजच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंटां’कडे सोपविले जात आहे. एजंट म्हणजे संगणकातील मुखत्यारच. कोणते काम, कोणत्या क्रमाने, कोणत्या साधनांनी करावयाचे, हे त्याला लिहून द्यावे लागते. हे लिखाण एकाच पुरवठादाराच्या साच्यात अडकले, तर त्याला सोडताना सारे नव्याने लिहिणे आले. ओरॅकलने २०२५मध्ये मांडलेले ‘ओपन एजंट स्पेसिफिकेशन’ ते खुल्या, सामाईक स्वरूपात ठेवू पाहते. एजंट चालविणारी चौकट (फ्रेमवर्क) बदलली तरी एजंटाची व्याख्या तीच राहावी, हा त्याचा हेतू.

हे स्पेसिफिकेशनही परदेशीच, आणि ते बुद्धी पुरवीत नाही. एकच आज्ञा दोन मॉडेल्स वेगवेगळ्या रीतीने पाळतात. बदलानंतर फेरतपासणी अटळ आहे. तरीही निवडीचा अधिकार आपल्याकडे राहतो, हे थोडके नव्हे. २०१६मध्ये आलेल्या यूपीआयमुळे बँक न बदलता अ‍ॅप बदलता येते, हा अनुभव आपल्याच घरचा आहे.

केंद्राने मार्च २०२४मध्ये दहा हजार कोटींहून अधिक खर्चाच्या इंडियाएआय अभियानाला मंजुरी दिली. त्यातून स्वदेशी मॉडेल्स सिद्ध झाली आणि आपले एजंट त्यांवर आणताच आले नाहीत, तर? सरकारी निविदांत खुल्या व्याख्येची अट आजच घातली पाहिजे.