सोरायसिस आणि वाढते वजन

वाराणसीत भदैनीला लोलार्क कुंड आहे. भाद्रपदातल्या षष्ठीला तिथे स्नानासाठी झुंबड उडते. मूल व्हावे म्हणून जोडपी येतात, तसेच कातडीचे विकार जावेत म्हणूनही लोक बुडी मारतात. त्याच शहरात काशी हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय आहे. सोरायसिसच्या रुग्णाने आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, हेच शहाणपणाचे.

सोरायसिस म्हणजे कुष्ठ नव्हे. तो स्पर्शाने पसरत नाही, पापाचे फळही नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती बिघडते आणि एरवी महिनाभरात बदलणाऱ्या कातडीच्या पेशी तीन ते पाच दिवसांतच वर येतात. त्यातून लाल चट्टे व चंदेरी खपल्या होतात.

वजनाचा संबंध काय?

पोटावरची चरबी नुसती साठून राहत नाही. ती दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडते आणि तीच सोरायसिस भडकवतात. स्थूल व्यक्तींना काखेत, स्तनांखाली, जांघेतही चट्टे येतात. तिथे खपल्या फारशा दिसत नाहीत, म्हणून गजकर्ण समजून दुकानातले स्टिरॉइडचे मलम चोळले जाते आणि कातडी पातळ होते.

औषध घेताना

मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. लठ्ठ व्यक्तींच्या यकृतात बहुधा आधीच चरबी साठलेली असते. त्यामुळे रक्ततपासणी टाळू नका, दारू तर नकोच. सायक्लोस्पोरिनने रक्तदाब वाढू शकतो. काही नव्या इंजेक्शनांची मात्रा वजनावर ठरते. उस्टेकिनुमॅब एरवी 45 मिलिग्रॅम देतात, पण वजन 100 किलोहून जास्त असेल तर 90.

वजन उतरले की औषधही चांगले लागू पडते. इटलीत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ रुग्णांना कमी मात्रेत सायक्लोस्पोरिन दिले गेले. सोबत आहार कमी करणाऱ्यांपैकी सुमारे 67 टक्के रुग्णांचा आजार तीन चतुर्थांशाने ओसरला. नुसते औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण 29 टक्के होते. आहार सांभाळणाऱ्यांचे वजन सरासरी 7 टक्केच घटले होते!

बनारसमध्ये राहून सकाळची कचोरी-जिलेबी सोडणे सोपे नाही. ती रविवारपुरती ठेवा. इतर दिवशी मोड आलेले हरभरे, पोळी-भाजी, ताक घ्या. संध्याकाळी घाटावर बसण्याऐवजी चाला. मात्र बोटे सुजत असतील, सकाळी सांधे आखडत असतील तर वजनाला दोष देऊन थांबू नका. सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि उपचाराला उशीर झाला तर ते कायमचे वाकडे होऊ शकतात.

घरच्यांनी ताटावरून टोमणे मारू नयेत. एकाच्या पथ्याचे जेवण सगळ्यांनीच खाल्ले, तर ते पथ्य वाटत नाही.