आधी काप, मग सूक्ष्मदर्शक

दिंडोरीत द्राक्षांना तोटा नाही. दोन मणी घ्या. एक रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी बाहेर काढून वितळू द्या. मग दोन्ही बोटांनी दाबून पाहा. ताजा मणी टणक लागेल. दुसरा लिबलिबीत, पाणी सुटलेला. सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक बनतात आणि पेशींची घडी विसकटून टाकतात.

हीच अडचण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणीही असते. शस्त्रक्रिया चालू असतानाच, गाठ कर्करोगाची आहे का, हे शल्यविशारदाला कळायला हवे असते. मेणात बसवून छेद घ्यायला निदान एक दिवस लागतो. इकडे रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर! म्हणून ऊतीचा तुकडा गोठवून उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास, सुमारे ५ मायक्रोन जाडीचा छेद कापतात आणि रंगवून वीसेक मिनिटांत निदान सांगतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी १९०५ साली ही रीत रुळवली.

तुकडा सावकाश गोठला, तर छेदात भोकांची जाळी दिसते. म्हणून तो लहान हवा, त्यावरचे पाणी टिपलेले हवे आणि तो झटपट गोठायला हवा. मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्येच का टाकू नये? तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो ना? वाफेची गादी त्याला तव्याला टेकू देत नाही. तसेच तुकड्याभोवती नायट्रोजन उकळून वायूचे वेष्टन तयार होते. त्यामुळे नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तुकडा बुडवतात. गंमत अशी, की हा द्रव कमी थंड, पण गोठवतो लवकर!

सूक्ष्मदर्शक कितीही महाग घ्या, बिघडलेला छेद तो दुरुस्त करीत नाही. तरी कितीतरी शाळांत मुले विकतच्या तयार काचपट्ट्याच पाहतात, आणि आकृती उतरवतात ती पुस्तकातून. ब्लेडने बोट कापेल ही शिक्षकांची भीती खोटी नाही. त्यांनी शेजारी उभे राहावे. छाटणीनंतर वेलीला कोवळे फुटवे येतात. विरळणीत खुडलेला एखादा फुटवा गाजराच्या चिरेत धरून ओल्या ब्लेडने पातळ काप घ्यावेत. पहिले दहा जाड, तिरके येतील. ते फेकू नयेत. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून काय बिघडले ते मुलांनाच विचारावे. प्रात्यक्षिकाचे निम्मे गुणही माझ्या मते कापालाच द्यावेत.