नोबेलवाला पदार्थ, नांदेडची प्रयोगशाळा आणि माहूरचा अंधार

पोस्ट लांब आहे, पण वाचा. यात पहिली चूक माझीच आहे, ती आधी कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी मी एक बातमी केली होती. मथळा होता, ‘आता मोबाईल मिनिटात चार्ज, मराठवाड्यातल्या संशोधकांची कमाल’. प्रसिद्धीपत्रक आलं, मी वर दोन विशेषणं लावली आणि दिली छापून. दुसऱ्या दिवशी माहूरच्या बसस्टँडवर एकानं विचारलं, “भाऊ, ती बॅटरी कुठं भेटते?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

विषय सुपरकपॅसिटरचा आहे. बॅटरीत रासायनिक क्रिया होऊन वीज साठते. साध्या सुपरकपॅसिटरमध्ये विद्युतभार इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर चिकटून बसतो. म्हणून तो सेकंदात भरतो, लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी टिकतो. पण साठा कमी. किलोमागे साधारण 5 ते 10 वॉट-तास. लिथियम बॅटरीत 150 च्या पुढं.

साठा वाढवायचा तर पृष्ठभाग वाढवा. इथं येतात ‘मेटल ऑरगॅनिक फ्रेमवर्क’, म्हणजे धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेली सूक्ष्म जाळी. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं. या जाळीच्या दोन-चार ग्रॅम पदार्थात फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो. अडचण एवढीच, की यातल्या बहुतेक जाळ्या वीज नीट वाहून नेत नाहीत. म्हणून त्या हवेशिवाय तापवतात, आपल्याकडं लाकडाचा कोळसा पाडतात तसंच. मागं उरतो छिद्राछिद्रांचा कार्बन; हवेत तापवलं तर कोबाल्ट-निकेलचं ऑक्साईड. त्याचा इलेक्ट्रोड करतात.

हे फक्त परदेशात चाललंय असं समजू नका. सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडवर आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात डॉ. राजाराम माने यांचा गट काम करतो. कोल्हापुरात डॉ. सी. डी. लोखंडे यांनी या विषयात विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. ही माणसं नसती तर महाराष्ट्रात हा विषय एवढा रुजला नसता. म्हणून ‘हे संशोधन म्हणजे पैशाचा चुराडा’ असं चहाच्या टपरीवर म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

पण अभिनंदनाचे फ्लेक्स लावून घरी जाणाऱ्यांशीही भांडण आहे.

का? पेपरात मोठा आकडा असतो, ‘ग्रॅममागं इतके फॅरड’. तो मोजलेला असतो बहुधा चौरस सेंटिमीटरवर लावलेल्या मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम पदार्थावर. बाजारातल्या सेलमध्ये थर कितीतरी जाड, वर धातूची पट्टी, द्रव, विभाजक, डबा. खरा पदार्थ एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. गोगोत्सी आणि सिमोन या दोन शास्त्रज्ञांनी 2011 मध्येच ‘सायन्स’मध्ये हे लिहिलं होतं, की पातळ थरावरचा आकडा दाखवून लोकांना भुलवू नका. तरी जगभर तेच चालू आहे, कारण बढती पेपर मोजून मिळते. सेल बनवून दाखवला तर गुण किती, हे कुणी विचारत नाही.

आणि आम्ही पत्रकार? आम्ही तर फॅरड म्हणजे काय हेही विचारत नाही.

आता केरळकडं बघा. 2024 मध्ये कन्नूरला केल्ट्रॉन या सरकारी कंपनीचा सुपरकपॅसिटरचा कारखाना सुरू झाला. तंत्रज्ञानाला इस्रोची साथ. प्रयोगशाळा, सरकारी कंपनी आणि राज्य सरकार एका दावणीला बांधले गेले, म्हणून वस्तू बाहेर आली. आपल्याकडं या साखळीची मधली कडीच नाही. प्रयोगशाळेत चिमूटभर पदार्थ होतो, कारखान्याला किलो लागतो. चिमटीपासून किलोपर्यंत न्यायचं कुणी? पीएच.डी. झालेल्या पोरानं? तो तर तासिका तत्त्वावर शिकवत फिरतोय.

केंद्रानं 2025 मध्ये संशोधन-विकासासाठी 1 लाख कोटींची योजना मंजूर केली. ती प्रयोगशाळेच्या पुढं गेलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. म्हणजे ज्यांच्याकडं मधली कडी आहे, त्यांच्याच दारात पैसा जाणार. मराठवाड्यानं पुन्हा अनुशेषाचं रडगाणं गायचं का?

माझ्या तीन मागण्या आहेत. एक, नांदेडला किलोभर पदार्थ आणि हातात धरता येईल असा सेल बनवणारं छोटं केंद्र काढा. दोन, बढतीत चालू सेललाही गुण द्या. तीन, आपले आमदार-खासदार विद्यापीठात फक्त सत्काराला जातात, त्यांनी एकदा हा प्रश्न घेऊन जावं.

आणि चौथी माझ्या बिरादरीला. पुढची अशी बातमी आली की तीन प्रश्न विचारा. इलेक्ट्रोडवर पदार्थ किती होता? आकडा पूर्ण सेलचा की नुसत्या पदार्थाचा? किलोचा खर्च किती?

पावसाळ्यात वारं सुटलं की गडाखालच्या आमच्या गल्लीत लाईट जाते. सुपरकपॅसिटर एकटा रात्रभर दिवा जाळणार नाही, ते काम बॅटरीचंच. पण झटक्याचा भार त्यानं उचलला तर इन्व्हर्टरची बॅटरी जास्त टिकेल. एवढं खरं सांगितलं असतं, तरी बसस्टँडवरच्या त्या माणसाला उत्तर मिळालं असतं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.