मुक्या जिवाचे दुखणे

मांजर म्हटले की दुधाची वाटी डोळ्यांसमोर उभी राहते. म्हणींत आणि बालगोष्टींत मांजर बहुधा दूध पितानाच भेटते. त्यामुळे घरातील मनी अन्नावरून तोंड फिरवून कोपऱ्यात बसली, तिला उलट्या-जुलाब होऊ लागले, की घरातील माणसे तिच्यापुढे प्रथम दुधाचीच वाटी ठेवतात. ही वाटी प्रेमाने ठेवलेली असते, यात शंका नाही. परंतु पोट बिघडलेल्या मांजरीचे दुखणे ती कमी करण्याऐवजी बहुधा वाढवते. प्रेमाला ज्ञानाची जोड नसेल तर काय घडते, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण आहे.

पिल्लू असताना मांजरीच्या आतड्यात दुधातील साखर पचवणारा पाचकरस पुरेसा असतो. आईचे दूध तुटल्यावर तो कमी होत जातो. म्हणून बहुतेक प्रौढ मांजरींना गाई-म्हशीचे दूध नीट पचत नाही. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. मांजर दूध आवडीने पिते हे खरे. पण आवडणे वेगळे आणि मानवणे वेगळे.

याहून गंभीर चूक औषधांच्या बाबतीत होते. माणसाच्या तापावर किंवा अंगदुखीवर दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी घरोघरी असते. तिचाच एखादा तुकडा आजारी मांजरीला भरवला जातो. मांजरीच्या यकृतात हे औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची क्षमता अत्यल्प असते. परिणामी तिच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेणे कठीण होते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, श्वास लागतो आणि एका गोळीनेही मृत्यू ओढवू शकतो. माणसाला तारणारे औषध मांजरीला मारणारे ठरते. मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे, ही साधी गोष्ट विसरल्याची ती किंमत असते.

मग करावे काय? पहिले काम निरीक्षणाचे. आजारी मूल पोट दुखते असे सांगते. मांजर मात्र दुखणे लपवते. ती पलंगाखाली किंवा अडगळीत जाऊन बसते, अंग चाटून स्वच्छ ठेवणे सोडून देते. उलट्या किती वेळा झाल्या, जुलाबात रक्त किंवा जंत दिसतात काय, ती पाणी पिते काय, लघवी होते काय, याची नोंद ठेवावी. मानेमागची कातडी हलकेच उचलून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत झाली नाही, हिरड्या कोरड्या व चिकट लागल्या, तर शरीरातील पाणी कमी झाल्याचा तो संकेत असतो.

पोट बिघडण्याची कारणे अनेक असतात. शिळे अन्न, आहारातील अचानक बदल, जंत, गिळलेला दोरा किंवा एखादा विषाणूजन्य रोग यांपैकी काहीही असू शकते. दुखणे सौम्य असेल आणि मांजर प्रौढ व हुशारीत असेल, तर स्वच्छ पाणी सतत जवळ ठेवावे. मीठ-मसाला, कांदा व लसूण न घालता शिजवलेले कोंबडीचे मऊ मांस थोडे थोडे द्यावे. कांदा-लसूण मांजरीच्या रक्ताला घातक असतो. माणसाप्रमाणे तिला लंघन घडवणेही योग्य नाही. दोन-तीन दिवस पोटात अन्न गेले नाही तर तिच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. तिची घाण काढल्यावर हात साबणाने धुवावेत. गर्भवती स्त्रीने ते काम शक्यतो दुसऱ्यावर सोपवावे.

एका दिवसात उतार पडला नाही, उलट्या थांबत नसल्या, रक्त दिसले किंवा रुग्ण लहान पिल्लू असले, तर पशुवैद्याकडे नेण्यास विलंब करू नये. बोका वारंवार जोर करूनही काही होत नसेल, तर लोक ती बद्धकोष्ठता समजतात. प्रत्यक्षात लघवी तुंबलेली असू शकते आणि तेव्हा तासांचाही उशीर प्राणघातक ठरतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. जिथे माणसांनाच वेळेवर औषधपाणी मिळत नाही, तिथे मांजरीचे एवढे लाड कशाला? आक्षेपामागील वेदना खरी आहे आणि ती उडवून लावता येणार नाही. पशुवैद्याचा खर्च अनेक कुटुंबांना जड जातो, हेही सत्य आहे. परंतु वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ते लक्ष. दुधाची वाटी बाजूला ठेवणे, गोळी न देणे, पाणी जवळ ठेवणे, यांत खर्च कोणता? शिवाय एका जिवाची कणव दुसऱ्या जिवाच्या वाट्यातून काढून द्यावी लागत नाही. मुक्या प्राण्याचे दुखणे ओळखायला शिकलेले घर आपल्या म्हाताऱ्या माणसांचे अबोल दुखणेही लवकर ओळखते.

सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हे भारतीय राज्यघटनेच्या ५१ क या अनुच्छेदात नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही प्राण्याच्या हिताची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी त्याला सांभाळणाऱ्यावर टाकली आहे. परंतु कायदा क्रूरतेला शिक्षा देऊ शकतो. अज्ञानाला शहाणे करू शकत नाही. ते काम माणसाने स्वतःच करावयाचे असते. मांजरीने माणसाच्या उंबरठ्याच्या आत विश्वासाने पाऊल टाकले आहे. तिला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने पाहणे, समजून घेणे आणि वेळेवर विचारणे हे त्या घराचे काम ठरते. भूतदया मनात जन्मते खरी, पण ती उपयोगी पडते जाणत्या हातांमुळेच.