औषधाच्या बाटलीआधी काचपट्टी

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावे एकाएकी देशभरच्या बातम्यांत आली. डोक्याला खाज सुटायची, दोन-चार दिवसांत केस हातात यायचे आणि बघता बघता टक्कल पडायचे. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला, तर कोणाला बुरशीचा संशय आला. आयसीएमआरचे पथक गावात उतरले. पाण्याच्या आणि रक्ताच्या नमुन्यांबरोबर डोक्याच्या कातडीचे बारीक तुकडेही तपासणीसाठी घेतले गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले आणि चर्चेची दिशाच बदलली.

या घटनेची एक बाजू मात्र फारशी बोलली गेली नाही. समजा, गावकऱ्यांनी एखाद्या शाम्पूवर आरोप ठेवला, तर तो बनवणाऱ्या कंपनीने काय करायचे? खुलासा छापता येतो, वकील देता येतो. पण लोकांना पटेल असे उत्तर कातडीच्या तुकड्यातूनच मिळते. बुरशी असेल तर विशेष रंग दिल्यावर तिचे धागे आणि बीजाणू केसाभोवती गडद गुलाबी दिसतात. चाई असेल तर केसाच्या मुळाभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. मुळे मरून तिथे व्रणाचे तंतू आले असतील, तर ते केस पुन्हा उगवणार नाहीत, हेही कळते. रासायनिक तपासणी विष किती आहे ते सांगते. त्या विषाने शरीरात काय केले, ते ऊती सांगतात.

ऊती वाचण्याच्या या शास्त्राला ऊतिशास्त्र, म्हणजेच हिस्टॉलॉजी म्हणतात. ‘तुकडा तपासायला पाठवला’ असे आपण म्हणतो, त्यामागे हेच काम असते. तुकडा फॉर्मालिनमध्ये पक्का करायचा, त्यातील पाणी काढून तो मेणात बसवायचा, साधारण चार मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे आणि ते रंगवून काचपट्टीवर पाहायचे. माणसाचा केस यापेक्षा पंधरा-वीस पट जाड असतो. हे काम रुग्णालयाच्या तळमजल्यावरचे, आजार झाल्यानंतरचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. औषध, कीटकनाशक, पशुखाद्य, सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या अनेक कंपन्यांचीही तीच समजूत आहे आणि ती त्यांना महागात पडते.

१९३७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून बाजारात आणले. चव, रंग, वास यांची तपासणी झाली. प्राण्यांवर विषारीपणाची चाचणी झाली नाही. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत बरीच मुले होती. मूत्रपिंडाच्या नलिकांमधील पेशी फुगून मेल्या होत्या. औषध बाजारात येण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवणे अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने बंधनकारक झाले, ते या मृत्यूंमुळेच. तरीही १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने दूषित झालेल्या ग्लिसरिनने १४ रुग्णांचा जीव घेतला आणि लेंटिन आयोग नेमावा लागला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याच्या मुलांना खोकल्याच्या औषधातून पुन्हा तेच विष मिळाले. त्यातली अनेक मुले उपचारासाठी नागपूरला आणली गेली. मूत्रपिंडाच्या तुकड्यांत नलिकांना झालेली इजा दिसली आणि आजार जंतूंचा नसून विषाचा आहे, हा संशय बळावला. काचपट्टीने कारण दाखवले, पण तोपर्यंत लेकरे गेली होती.

अशा वेळी ऊतितज्ज्ञ फक्त साक्षीदार उरतो. तो सल्लागार असायला हवा, आणि तोही पहिल्या दिवसापासून.

डायक्लोफिनॅकचे उदाहरण शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. लंगडणाऱ्या बैलाला, तापलेल्या गाईला हे इंजेक्शन सर्रास दिले जाई आणि जनावराला आराम पडे. औषध गुरांसाठी तपासलेले होते. मेलेले गुरू खाणाऱ्या गिधाडाचा विचार कोणी केला नव्हता. २००४ मध्ये पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचला होता. भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या तोवर ९९ टक्क्यांच्या आसपास घटली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरले आणि बाजार त्याच्याकडे वळला. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर मात्र २०२३ मध्ये तशीच बंदी आली. जो पर्याय ऊतींच्या कसोटीला उतरला तो टिकला. इतरांचा गुंतवलेला पैसा गेला.

लवकर बोलावलेला तज्ज्ञ आणखी एक गोष्ट देतो: योग्य रुग्णांची निवड. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, ते गाठीच्या तुकड्यावर करायच्या एका रंगचाचणीसोबतच. सुमारे १५ ते २० टक्के गाठींमध्येच त्या औषधाला हवे असलेले प्रथिन जास्त असते. सरसकट सगळ्या रुग्णांवर चाचणी केली असती, तर काहींना झालेला मोठा फायदा सरासरीत बुडून गेला असता.

पण उशिरा बोलावलेल्या तज्ज्ञाला काही चुका दुरुस्तच करता येत नाहीत. ऊतीचा तुकडा साध्या डीप फ्रीजरमध्ये गोठवला, तर बर्फाच्या स्फटिकांनी पेशींना भोके पडतात. फॉर्मालिन कमी पडले किंवा तुकडा तासन्‌तास तसाच राहिला, तर पेशी आपोआप कुजू लागतात आणि ते औषधाचे नुकसान समजले जाते. यकृताचा नेमका कोणता भाग घ्यायचा, प्रत्येक प्राण्याचा तोच घेतला गेला का, तुलनेसाठी औषध न दिलेले प्राणी आहेत का, हे आधी ठरले नाही तर वर्षाचे काम आणि लाखांचा खर्च वाया जातो. विनाकारण मारलेल्या प्राण्यांचे पाप वेगळेच. शास्त्रशुद्ध केलेल्या कामाला बाहेरही किंमत आहे. २०११ पासून, मान्यताप्राप्त भारतीय प्रयोगशाळांत नियमानुसार झालेल्या सुरक्षा चाचण्या ओईसीडीच्या व्यवस्थेतील देश स्वीकारतात. निर्यात करू पाहणाऱ्या कंपनीला एवढे कारण पुरेसे आहे.

आता हे बुलढाण्याच्या दाराशी आले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत बुलढाणा आहे. तिथे शरीररचनाशास्त्र शिकणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी निरोगी ऊती पाहायला शिकतो आणि पुढे विकृतिशास्त्रात आजारी ऊती. खामगाव-मलकापूरच्या एमआयडीसीतील उद्योजकांनी आणि जिल्ह्यात कपाशी-सोयाबीनची औषधे विकणाऱ्या कंपन्यांनी या विभागांशी आतापासून नाते जोडावे. कंपनीला जाणकार नजर मिळेल. महाविद्यालयाला काप घेण्याची चांगली यंत्रे, रसायने आणि शिकलेले तंत्रज्ञ मिळतील. त्याच यंत्रावर खर्रा खाणाऱ्या एखाद्या मजुराच्या तोंडातला तुकडाही कापला जाईल आणि अहवालासाठी त्याला अकोला-नागपूरची वाट पाहावी लागणार नाही.

मात्र हे नाते अटींवर बांधलेले हवे. मोबदला संस्थेच्या खात्यात जावा, डॉक्टरांच्या खिशात नको. कोणत्या प्राण्याला औषध दिले, हे पहिल्या वाचनात तज्ज्ञाला माहीत नसावे किंवा दुसऱ्या तज्ज्ञाकडून काचपट्ट्या पुन्हा वाचून घ्याव्यात. प्रतिकूल निष्कर्ष दाबून ठेवण्याचा हक्क करारात कंपनीला नसावा. रुग्णाचा उरलेला तुकडा संशोधनाला वापरायचा असेल, तर त्याला त्याच्या भाषेत समजावून त्याची संमती घ्यावी आणि नीतिसमितीची मान्यता असावी. मेणाचे ठोकळे संस्थेतच राहावेत. आणि कंपनीचे काम आहे म्हणून गरिबाचा अहवाल एक दिवसही मागे पडता कामा नये.

या अटी जाचक वाटणारी कंपनी तज्ज्ञ नव्हे, शिक्का शोधत असते. जिला तज्ज्ञच हवा आहे, तिच्या हे लक्षात येईल की ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या माणसाच्या ‘हो’लाच बाजारात आणि न्यायालयात वजन असते. शेगावच्या गावकऱ्यांना त्या दिवसांत हवे होते, ते असेच वजनदार आणि वेळेवरचे उत्तर.