एका पायाची सूज चोळू नका

भोर-वेल्ह्याहून पुण्याला केमोथेरपीसाठी जाणाऱ्या रुग्णाचा एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, की घरचे म्हणतात, "एसटीत बसून अवघडला असेल," आणि तेल लावून चोळतात. माझे स्पष्ट मत आहे: चोळू नका, पुढच्या केमोच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कॅन्सरमध्ये शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, पॅरिसच्या डॉ. त्रूसो यांनी हा संबंध १८६५ मध्येच सांगितला होता. केमोथेरपी, ऑपरेशन, पडून राहणे यांनी तो आणखी वाढतो. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो. डॉपलर सोनोग्राफीत ती दिसते आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी उपचार होतात. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले, तर लगेच १०८ ला फोन करा.