जुन्या खेळांची निवड

आमच्या एका विद्यार्थ्याने वाशीत कुणाकडून तरी एक जुना गेम बॉय आणि सोबत मूठभर कार्ट्रिज विकत घेतली, आणि यांतली ठेवण्याजोगी कोणती, असे आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना विचारले. प्रश्न चुकीच्या दारी आला आहे असे आम्हांला प्रथम वाटले. पुढे वाटेनासे झाले.

बाजार मोजतो ती दुर्मिळता. न उघडलेल्या खोक्याला किंमत अधिक. म्हणजे पाने न कापलेला ग्रंथ श्रेष्ठ! हा निकष आम्हांला मान्य नाही. १९८९ साली आलेल्या गेम बॉयच्या पडद्यावर हिरवट रंगाच्या चारच छटा होत्या. त्याचा कर्ता गुनपेई योकोई जुने झालेले, स्वस्त तंत्र नव्या रीतीने वापरावे या मताचा होता. त्या मर्यादेतच ज्याची रचना पूर्ण होते, तो खेळ घ्यावा. ‘टेट्रिस’ असा आहे. १९९३चा ‘लिंक्स अवेकनिंग’ही असाच. त्याची नवी, देखणी आवृत्ती २०१९ साली निघाली, म्हणून पहिली रद्दीत जात नाही. पाठभेद शिकवणाऱ्यांनी तरी तसे म्हणू नये. मात्र घरच्या मोठ्या यंत्रावरचा खेळ कापूनछाटून या पडद्यावर बसवलेला असेल, तर ती संक्षिप्त आवृत्ती समजून बाजूला ठेवावी.

आमच्या पिढीतल्या बहुतेकांना ‘टेट्रिस’ भेटला तो गेम बॉयवर नव्हे, तर नव्वदच्या दशकातल्या ब्रिक गेमवर. ‘९९९९ इन १’ असे त्यावर छापलेले असे. मूळ खेळ मोजकेच. बाकी वेग आणि पातळी यांचे फेरफार. मराठी कवितासंग्रहांशी परिचय असलेल्यांना ही युक्ती नवी वाटू नये. तरीही तो जरूर घ्यावा. आपल्याकडे या खेळांचा इतिहास लिहायचा झाल्यास आरंभ तिथूनच करावा लागेल.

खरी अडचण संहितेच्या टिकाऊपणाची आहे. ‘पोकेमॉन रेड’सारख्या कार्ट्रिजमध्ये खेळाडूची प्रगती एका बटणाएवढ्या सेलवर जिवंत राहते. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तोच सेल घड्याळही चालवतो, म्हणून लवकर संपतो. २००२च्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’मध्ये सेल संपला तरी घड्याळच तेवढे थांबते, प्रगती राहते. बनावट प्रतीही पुष्कळ. तेव्हा विकणाऱ्याकडे वेष्टनाचे नव्हे, आतल्या पट्टीचे छायाचित्र मागावे.

विद्यार्थ्याच्या ‘रेड’मधला सेल अजून जिवंत निघाला. आत सात अक्षरांच्या मर्यादेत बसवलेले कुणा मुलाचे नाव, आठांपैकी पाच बिल्ले आणि एकतीस तासांचा खेळ. जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुणाची सही सापडावी, तसे. पण पुस्तक वाचायला ती सही खोडावी लागत नाही. इथे एकच जागा आहे. आपला खेळ जपून ठेवायचा, तर त्या मुलाचा पुसावा लागतो. आणि न पुसला, तरी सेल आज ना उद्या जाणारच.

पुसावा, असे आमच्यातल्या एकाचे मत पडले: खेळ खेळण्यासाठी असतो. दुसऱ्याने आधी त्याची नक्कल उतरवून घ्यायला सांगितले. तसे यंत्र मिळते म्हणे. विद्यार्थ्याने दोन्ही ऐकून घेतले. कार्ट्रिज अजून तसेच आहे.